तारे नसलेलं आकाश

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. वाईला मामांच्या घरी आम्ही अकरा माणसं एका टीव्हीसमोर बसलो होतो. बाहेर कृष्णेवर ढग उतरले होते, पावसाची भुरभुर चालली होती. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, इस्रोच्या बंगळुरूच्या त्या मोठ्या खोलीतली माणसं उभी राहिली, टाळ्या वाजायला लागल्या आणि आमच्या घरातही एकच गलका झाला. आईने देवापुढे साखर ठेवली. गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मामा तेवढे खुर्चीतून उठले नाहीत, डोळे पुसत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे खरं. आपल्या पोरांनी करून दाखवलं. ते अमेरिकेचं, माणूस चंद्रावर उतरवल्याचं, मात्र मला कधी पटलं नाही."

पेढे आणायच्या गडबडीत ते वाक्य कुणाच्या कानावर पडलं नाही. माझ्या पडलं, आणि पुढचे कितीतरी दिवस ते मनातून हललं नाही. कारण मामा उगाच काही बोलून टाकणारे नाहीत. आणि फोटोंच्या बाबतीत तर त्यांचं म्हणणं हसून सोडून द्यावं अशी माझी छातीच नाही.

मामांचा वाईत फोटो स्टुडिओ होता. त्याआधी, पोरवयात, ते दादरच्या एका स्टुडिओत उमेदवारी करत होते. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. २१ जुलै १९६९, सोमवार, आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत आले असतील, तेव्हा नील आर्मस्ट्राँगने शिडीवरून पाय खाली टेकला. मुंबईत तेव्हा टीव्हीच नव्हता, तो आला १९७२ मध्ये. मामांनी बातमी ऐकली ती रेडिओवर. फोटो पाहिले वर्तमानपत्रात आणि मग मासिकांच्या गुळगुळीत पानांवर. त्या पानांकडे बघताना त्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो कारागिराचा: इतके चांगले फोटो? अंगावर एवढा जाड पोशाख, हातात फुगलेले हातमोजे, डोळ्याला कॅमेरा लावायची सोय नाही, आणि तरी फोकस बरोबर, फ्रेम बरोबर?

फोटो कसा रचतात ते मामांना पुरेपूर ठाऊक होतं. देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर बुजवत ते तासन्‌तास बसायचे. एका बाईचा नवऱ्याबरोबर एकही फोटो नव्हता. नवरा गेल्यावर ती आली, तेव्हा मामांनी दोन निगेटिव्ह जोडून दोघांना शेजारी बसवलं. तो फोटो ती शेवटपर्यंत भिंतीवर पुजत होती. खोटा फोटो नेहमी वाईट हेतूनेच करतात असं नाही, हे मी त्यांच्या डार्करूममध्ये शिकले. तिथला लाल दिवा, हायपोचा नाकात बसणारा वास आणि ट्रेमधल्या पाण्यात कोऱ्या कागदावर हळूहळू उगवणारा चेहरा अजून आठवतो.

पण त्यांच्या अविश्वासाला दुसरंही एक कारण आहे, आणि ते कॅमेऱ्यातलं नाही. गावात एक पतसंस्था निघाली होती. उद्घाटनाचे फोटो मामांनीच काढले होते. फीत कापणारे मोठे लोक, समई, हार, सगळं त्यांच्या रोलवर होतं. त्याच संस्थेत त्यांनी माझ्या मामेबहिणीच्या लग्नासाठी ठेव ठेवली. पावतीवर गोल शिक्का होता, दोन सह्या होत्या. संस्था बुडाली आणि पैसे गेले ते गेलेच. "फोटो पाहिला, शिक्का पाहिला, सही पाहिली," मामा म्हणतात. "अजून काय बघायचं असतं माणसाने?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चंद्रावर माणूस गेला की नाही हे मी स्वतःही कधी तपासलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात होतं म्हणून खरं धरलं होतं. मामांनी पावती खरी धरली होती तसंच.

म्हणून मी वाचायला बसले. मामांना हरवायचं नव्हतं. आपण कशाच्या जोरावर 'हो' म्हणतो तेवढं मला बघायचं होतं.

हा संशय कुठून निघाला ते आधी शोधलं. बिल केसिंग नावाच्या अमेरिकन माणसाने १९७६ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक छापलं आणि आपण चंद्रावर कधी गेलोच नाही असं त्यात मांडलं. रॉकेटची इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी पूर्वी तांत्रिक लेखनाचं काम केलं होतं. व्हिएतनामचं युद्ध आणि वॉटरगेटचं प्रकरण नुकतंच घडून गेलेलं. सरकार तोंडावर खोटं बोलतं हे अमेरिकन माणसाने नुकतंच पाहिलेलं. अशा वेळी ते पुस्तक लोकांच्या हाती पडलं. मला त्यात मामांची पावती दिसली. एकदा फसलेला माणूस पुढच्या प्रत्येक शिक्क्याकडे त्याच नजरेने बघतो.

आणि संशयाला खाद्य नासानेही पुरवलं आहे, हे मान्य करायला हवं. अपोलो ११ च्या, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या त्या मोहिमेच्या, चंद्रावरच्या चित्रणाच्या मूळ टेप आज नाहीत. टेपचा तुटवडा होता, त्या काळात टेप पुसून पुन्हा वापरत, आणि त्यातच त्या गेल्या असाव्यात हे नासाने २००९ मध्ये कबूल केलं. टीव्हीवर गेलेल्या चित्राच्या नोंदी शिल्लक आहेत, पण मुळातल्या चांगल्या प्रती गेल्या. हे वाचून मला फार वाईट वाटलं. माणसाच्या इतिहासातला एवढा मोठा क्षण, आणि तो कुणीतरी रोजच्या कामाच्या रेट्यात पुसून टाकला. यावर कुणी भुवई उंचावली तर मी त्याला दोष देणार नाही.

फोटोंकडे वळले तेव्हा मात्र मला वाटेत मामाच भेटत राहिले. आकाशात तारे का नाहीत, हा सगळ्यात जुना आक्षेप. चंद्रावर हवा नाही म्हणून आकाश काळं, पण वेळ तिथली सकाळची. जमीन उन्हाने झळझळलेली, पोशाख पांढरेशुभ्र. अशा उजेडात शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास ठेवावं लागतं आणि भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं. तेवढ्या वेळात ताऱ्याचा उजेड फिल्मवर उमटतच नाही. सावल्या समांतर नाहीत म्हणतात, पण उंचसखल जमिनीवर आणि रुंद भिंगातून त्या तशाच पडणार. कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे एक काच होती, तिच्यावर मोजमापासाठी बारीक फुल्या कोरलेल्या होत्या. काही फोटोंत फुली वस्तूच्या मागे गेल्यासारखी दिसते, म्हणजे वस्तू वरून चिकटवली, असा आरोप आहे. पण अशी फुली नेहमी पांढऱ्या भागावरच नाहीशी होते. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या पांढऱ्या शर्टावरची बारीक रेघ जास्त उजेडाने 'खाल्ली' जाते, हे मला लहानपणी मामांनीच दाखवलं होतं. झेंड्याचं तर सरळ आहे. वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती, ती पूर्ण उघडली नाही आणि कापडाला चुण्या राहिल्या.

मामांचा स्वतःचा प्रश्न होता तो इतक्या चांगल्या फ्रेमचा. त्याचं उत्तर मला त्यांच्याच उद्घाटनाच्या रोलने दिलं. मासिकात येतात ते निवडलेले फोटो. अपोलोचे सगळे रोल आता कुणालाही बघता येतात, आणि त्यात डोकी कापलेले, हललेले, सूर्याकडे तोंड करून धुरकटलेले, चुकून जमिनीचेच निघालेले फोटो ढिगाने आहेत. वाईच्या अल्बममध्ये मामांनी तरी रोलमधले किती लावले होते?

एवढं झालं तरी मी मनाशी म्हणत होते, फोटोवरचे आक्षेप पोकळ निघाले म्हणून माणूस गेला हे ठरत नाही. आरशांचंच घ्या. अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर खास आरसे ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेझरचा झोत ते आल्या वाटेने परत पाठवतात आणि जायला-यायला मिळून अडीच सेकंद लागतात. टेक्सास, न्यू मेक्सिको, दक्षिण फ्रान्स इथल्या वेधशाळांनी वर्षानुवर्षं ही मापं घेतली. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून लांब चालला आहे हे त्यातूनच इतकं नेमकं कळलं. अनेक जण हा पुरावा ठोकून सांगतात. पण सोव्हिएत संघानेही दोन लुनोखोद गाड्यांवर असे आरसे पाठवले होते, आणि त्या गाड्यांबरोबर माणूस नव्हता. म्हणजे आरसा तिथे आहे एवढ्याने माणूस गेला हे सिद्ध होत नाही. आपल्या बाजूचा पुरावाही तितकाच कडकपणे तपासला पाहिजे, नाहीतर मामांना मी कुठल्या तोंडाने सांगणार?

सोव्हिएत संघाचा उल्लेख आला म्हणून सांगते. मला हलवून गेलेली एक गोष्ट त्यांच्याच बाजूची आहे. अपोलो ११ चंद्रावर असताना त्यांचं लुना १५ हे मानवरहित यान चंद्राभोवतीच फिरत होतं. अमेरिकेच्या आधी माती घेऊन परतायची त्यांची धडपड होती. २१ जुलैला, आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन उड्डाणाच्या तयारीत असताना, ते चंद्रावर आदळून फुटलं. ब्रिटनमधल्या जोड्रेल बँकच्या दुर्बिणीने दोन्ही यानांचे संदेश ऐकले. ज्यांची एवढी मोठी शर्यत डोळ्यांसमोर हुकली, त्यांना स्पर्धकाची लबाडी सापडली असती तर ते गप्प बसले असते का? त्यांच्याकडे आकाशाकडे वळवलेल्या अँटेना होत्या, जाणकार होते आणि गरजही होती. त्यांनी बोट उचललं नाही.

आणि मग मला दगड सापडले. म्हणजे कुलाब्यात सापडले.

अपोलोच्या सहा उतरणींतून बारा माणसांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. त्यातले नमुने जगभरच्या प्रयोगशाळांना दिले गेले आणि त्यातले काही मुंबईला आले, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने ते तपासले. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले, आणि लेखकांच्या नावांत एक अस्सल मराठी आडनावही आहे. ते आडनाव वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दादरला मामा निगेटिव्ह धुवत होते, त्याच काळात काही मैलांवर त्याच शहरातली माणसं चंद्राचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होती.

त्यांनी काय पाहिलं ते मला समजलं तसं सांगते. अंतराळातून लोखंडासारख्या जड अणूंची केंद्रकं अफाट वेगाने येत असतात. दगडातल्या स्फटिकात ती घुसली की आत एक अतिसूक्ष्म ओरखडा राहतो. रसायनात बुडवला की तो ओरखडा रुंद होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघेसारखा दिसतो. मामांना हे सांगितलं तेव्हा ते एकदम पुढे सरकून बसले. उजेडाने उमटवलेलं, पण डोळ्याला न दिसणारं चित्र रसायनात बुडवून बाहेर काढणं हेच तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

पृथ्वीवर ही केंद्रकं हवेतच अडतात, त्यामुळे आपल्या दगडांवर असे ठसे पडत नाहीत. मग उल्का आणून ठेवल्या असतील? उल्का हवेतून येताना तिचा वरचा थर जळून वितळून जातो. चंद्रावरच्या दगडांचा अगदी वरचा पापुद्रा मात्र शाबूत होता. सूर्यावरून आलेल्या कणांचे ठसे त्यात गच्च भरलेले, खोल जावं तसे विरळ होत गेलेले. वरच्या पृष्ठावर धुळीच्या कणांनी पाडलेले सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. स्फटिकांत पाण्याचा जवळजवळ मागमूस नाही, आणि वय तीन ते साडेचार अब्ज वर्षांच्या घरात. चंद्रावरून तुटून आलेली उल्का पहिल्यांदा ओळखली गेली १९८२ मध्ये, अंटार्क्टिकात सापडलेली, आणि ती ओळखू आली तीच मुळी अपोलोच्या दगडांशी ताडून. असे लाखो वर्षांचे ठसे उमटवणारा स्टुडिओ कुठे असणार?

सोव्हिएत संघाच्या लुना १६ या यानाने १९७० मध्ये शंभर-एक ग्रॅम चंद्रमाती आपोआप आणली. चीनच्या चांग-अ ५ ने २०२० मध्ये पावणेदोन किलो आणली. ती तुलनेने तरुण निघाली, सुमारे दोन अब्ज वर्षांची, पण चंद्राची जी ओळख अपोलोच्या दगडांनी करून दिली होती तिच्यात ती चपखल बसली. मॉस्को, ह्यूस्टन, मुंबई, बीजिंग. एका पतसंस्थेच्या दोन संचालकांनी मिळून खोटी पावती लिहिणं सोपं असतं. एकमेकांवर डोळे वटारून बसलेल्या देशांतल्या, एकमेकांच्या निबंधांतल्या चुका काढण्यात ज्यांचं नाव होतं अशा शेकडो माणसांनी पन्नास वर्षं एकच खोटं सांभाळणं मला कल्पनेतही जमेना. देवेंद्र लाल पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. कुलाब्यातल्या गटातले नरेंद्र भंडारी चांद्रयान-१ च्या आखणीत होते. म्हणजे ज्या हातांनी अपोलोचे दगड हाताळले, त्यांच्याच हातांना धरून आपलं यान चंद्राकडे निघालं. 'आपलं खरं, त्यांचं खोटं' अशी रेघ ओढायची म्हटलं तर ती याच माणसांच्या अंगावरून ओढावी लागेल.

हे सगळं मामांना सांगायला मी वाईला गेले. पण मी तोंड उघडायच्या आधी दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. एक म्हणजे त्यांच्या फोनवर एक संदेश आला होता. चांद्रयान-३ उतरलंच नाही, टीव्हीवर तर नुसतं कार्टून दाखवत होते, असं त्यात लिहिलं होतं. उतरताना पडद्यावर संगणकाने काढलेलं चित्र आणि आकडे दिसत होते हे खरंच होतं, कारण बाजूला उभं राहून उतरणाऱ्या यानाचं चित्रण करायला तिथे कोण असणार? पण त्या संदेशाने मामा दुखावले होते. "रात्रंदिवस राबली असतील ती पोरं. आणि हा घरात बसून म्हणतो खोटं!" असं म्हणाले आणि गप्प झाले. मीही गप्प राहिले. १९६७ मध्ये अपोलो १ च्या कुपीत सरावाच्या वेळी आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर गेले होते, ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या क्षणी ते बोलणं मामांना टोचण्यासारखं झालं असतं.

दुसरी गोष्ट फोटोची. ३० ऑगस्टला इस्रोने चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीने काढलेला विक्रम या उतरणयानाचा फोटो प्रसिद्ध केला होता. मामांनी तो नातवाकडून मोठा छापून घेतला होता आणि भिंग लावून बघत बसले होते. उजेडात उभा विक्रम, लांब सावल्या आणि वर कोळशासारखं काळं आकाश.

"तारे नाहीत," मामा म्हणाले.

मी काहीच बोलले नाही.

"यायचेच नाहीत. एवढ्या उजेडाला लावलेल्या शटरवर तारे कुठून येणार?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पन्नास वर्षं मला हे सुचलं नाही बघ. माझ्या धंद्यातली गोष्ट."

मग मी दगडांचं सांगितलं, ते वर आलंच आहे. नासाचं एक यान २००९ पासून चंद्राभोवती फिरतंय तेही सांगितलं. अपोलोची उतरणयानं, त्यांच्या सावल्या, अंतराळवीरांच्या पावलांनी पडलेल्या वाटा त्याच्या फोटोंत दिसतात. २०१९ मध्ये आदळलेल्या आपल्या चांद्रयान-२ च्या विक्रमचे तुकडे त्याच यानाच्या फोटोंत चेन्नईच्या एका अभियंत्याने घरी बसून शोधले, आणि आता चांद्रयान-३ चा यशस्वी विक्रमही त्या यानाने टिपला आहे. आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही अपोलो ११ ची जागा टिपली आहे. "म्हणजे आपल्या कॅमेऱ्यात ते दिसतं?" मामांनी दोनदा विचारलं.

त्या रात्री आईची संकष्टी होती. आभाळ गच्च. चंद्रोदयाची वेळ तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितली, वेळ झाल्यावर ढगांकडे तोंड करून हात जोडले आणि पानं घेतली. मामा जेवायला आले नाहीत. आतल्या खोलीत ट्रंक ओढल्याचा आवाज येत होता. आई म्हणाली, "दादा, जेवून घे रे आधी." बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा हातात एक पिवळं पडलेलं पाकीट होतं.

ऑक्टोबर १९६९ च्या अखेरीस, जगभर फिरताना, आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईला आले होते. मामा त्या गर्दीत होते. मालकाचा कॅमेरा न विचारता घेऊन गेले होते. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. पुढे जाता येईना म्हणून कॅमेरा डोक्यावर धरून, अंदाजाने, एकच फोटो काढला होता.

त्यांनी ती निगेटिव्ह कडांना धरून ट्यूबलाइटसमोर धरली आणि मला जवळ बोलावलं. खाली डोकीच डोकी, निगेटिव्हमध्ये सगळी पांढुरकी. आणि त्या डोक्यांच्या वर, उजव्या कोपऱ्यात, हलल्यामुळे धुरकट झालेला एक उंचावलेला हात.

"कुणाचा आहे सांगता येत नाही," मामा म्हणाले. "तिघांतल्या कुणाचा असेल, नाहीतर माझ्यापुढच्या एखाद्या पोराचा असेल."

मग त्यांनी विचारलं, पुण्यात अजून कुणी हाताने प्रिंट काढून देतं का.